विस्मरण कोणाच्या फायद्याचे?

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

महोदय,

आयुर्विम्याच्या कचेरीत माझी सगळी नोकरी गेली. आधी नव्या प्रस्तावांच्या टेबलावर, नंतर दाव्यांच्या. पहिल्या टेबलावर माणूस जिवंत असतो आणि कागद मोजके असतात. दुसऱ्यावर माणूस नसतो, कागद मात्र गठ्ठ्याने येतात. दोन्हीकडे बसल्यामुळे विमा कंपनी कोणता प्रश्न कधी विचारते आणि कधी मुद्दाम विचारत नाही, हे थोडेफार कळते. आता एक नवा प्रश्न आपल्या दाराशी येऊ घातला आहे. म्हाताऱ्या अर्जदाराची स्मरणशक्ती तपासायची का, कशी आणि कोणी? त्यावर आपण नियम करण्याआधी दोन गोष्टी कानावर घालाव्यात, म्हणून हे जाहीर पत्र.

अमेरिकेत सत्तरी ओलांडलेला माणूस आयुर्विम्याचा मोठा प्रस्ताव घेऊन गेला, की रक्त, लघवी, ईसीजीच्या जोडीने त्याच्या आठवणीचीही तपासणी होते. तपासणीला आलेली बाई त्याला दहा शब्द देते, प्रत्येक शब्दाचे एकेक वाक्य करायला लावते, मग पाच मिनिटे दुसरेच काही विचारते आणि शेवटी म्हणते, आता ते शब्द सांगा. नॉपमन आणि रायबर्ग या दोघांनी १९८९ मध्ये डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी ही पद्धत बसवली. विमा कंपन्यांनी ती उचलली, कारण तिला डॉक्टर लागत नाही आणि वेळही फार जात नाही. काही कंपन्या घड्याळ काढायला सांगतात. काही जण खुर्चीतून उठून, तीन मीटर चालून, परत येऊन बसायला लावतात आणि सेकंद मोजतात. बाजारहाट कोण करते, गाडी चालवता का, औषधे स्वतःची स्वतः घेता का, असले प्रश्नही असतात आणि ते गप्पा मारल्यासारखे विचारले जातात.

यात कंपनीची लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. डिमेन्शिया झालेला माणूस त्याच वयाच्या इतरांपेक्षा लवकर जातो, हे आता सर्वमान्य आहे. रक्त उत्तम, छातीचा आलेख उत्तम, आणि तरीही जोखीम भारी. शिवाय ही गोष्ट कंपनीच्या आधी घरच्यांना कळलेली असते. बाबा तोच प्रश्न पुन्हा विचारतात, दूधवाल्याला दोनदा पैसे देतात, हे मुलाला दिसते आणि त्याच महिन्यात तो एजंटला फोन करतो. प्रस्तावांच्या टेबलावर याला आम्ही ‘मोरल हझार्ड’ म्हणायचो आणि त्याचा वेगळा अहवाल मागवायचो. ज्याला जोखीम ठाऊक आहे तो विमा घ्यायला धावतो आणि त्याचा भार बाकीच्या हप्ते भरणाऱ्यांवर पडतो. तेव्हा कंपनीने तपासू नये, असे माझे म्हणणे नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अजून तापलेला नाही, कारण आपण म्हाताऱ्यांना दारातच अडवत आलो. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत पन्नाशीनंतर प्रवेश नाही. १ जानेवारी २०२१ पासून सर्व कंपन्यांना सक्तीची केलेली ‘सरल जीवन विमा’ ही साधी मुदत पॉलिसीही पासष्टीनंतर घेता येत नाही. जिथे माणसाला आतच घेत नाहीत, तिथे त्याच्या आठवणीची परीक्षा कोण घेईल? पण हे चित्र पालटते आहे आणि पालटवणारे आपणच आहात. आरोग्यविम्यातली पासष्टीची आडकाठी १ एप्रिल २०२४ पासून गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. २०४७ पर्यंत सर्वांना विमा, हे तर प्राधिकरणाचे जाहीर ध्येय आहे. ‘सर्वांना’मध्ये सत्तरीचा माणूस येत असेल, तर आयुर्विम्याची वयोमर्यादाही आज ना उद्या वर सरकेल.

आणि सरकायलाच हवी. म्हाताऱ्याला विमा कशाला, असे विचारणाऱ्यांनी मतिमंद मुलाच्या बापाला विचारावे. मुलगा चाळीस वर्षांचा, आई गेलेली, बाप एकोणसत्तरचा. त्याच्या पाठीमागे त्या मुलाचे काय, हा प्रश्न पस्तिशीतल्या कोणत्याही कमावत्या माणसाच्या प्रश्नाहून कमी खरा नाही. सोसायटीचे कर्ज अंगावर असलेले शेतकरी आहेत, भावाच्या मुलांना वाढवणाऱ्या अविवाहित आत्या आहेत.

मर्यादा वर सरकली, की पुनर्विमा कंपन्यांची मॅन्युअले येतील. मोठ्या रकमेची जोखीम शेवटी त्यांच्याच खांद्यावर जाते आणि म्युनिक-झुरिकला बसून लिहिलेल्या त्या मॅन्युअलांत सत्तरीनंतरच्या अर्जदारासाठी स्मृतिचाचणीचे पान असतेच. ते पान आपल्याकडे जसेच्या तसे उघडले गेले, तर काय होईल ते सांगतो.

जगभर सर्वांत चलनात असलेल्या चाचण्या दोन. एक फोल्स्टीन यांची १९७५ ची, दुसरी नासरेद्दीन यांची २००५ ची, जिला मोका म्हणतात. दोन्ही तीस गुणांच्या. मोकामध्ये घनाचे चित्र पाहून काढायचे, आकडे आणि अक्षरे आलटून पालटून रेषेने जोडायची, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची. सव्वीसच्या खाली गुण पडले की शंका. शिक्षण बारा वर्षे किंवा त्याहून कमी असेल, तर एक गुण वाढवून देतात. एकच. अकरावीला शाळा सोडलेल्याला एक आणि माण तालुक्यात जन्मभर शेळ्या राखलेल्या, पेन्सिल हातात न धरलेल्या बाईलाही एकच. आज तारीख काय, असे तिला विचारले तर ती गप्प बसेल. तिथी विचारा, परवाची संकष्टी विचारा, म्हसवडचा बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारा, धाडधाड सांगेल. तिच्या मेंदूत काळाचे भान शाबूत आहे. ते फक्त परीक्षकाच्या कॅलेंडरवर नाही.

रोजच्या व्यवहाराच्या प्रश्नांची गंमत तर आणखी वेगळी. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये केलेली एक यादी आजही जगभर वापरतात. फोन करणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे, पैशाचा हिशेब, यांतले माणूस स्वतः काय काय करतो ते विचारायचे. आमच्या पिढीतल्या निवृत्त मामलेदारांना विचारा, स्वयंपाक करता का? कपडे धुता का? ते तिशीतही करत नव्हते. या कसोटीवर त्यांचा डिमेन्शिया लग्नापासूनचा ठरेल. (मूळ यादी करणाऱ्यांना हे सुचले होते, पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे यांचे गुण मोजत नसत.) उलट त्यांच्या पत्नीला पैशाचा हिशेब विचारा. बँकेचे पासबुक तिच्या हाती कधी दिलेच नाही, तर ती काय सांगणार? म्हणजे नवऱ्याने जे करायचे टाळले आणि बायकोला जे करू दिले नाही, त्याचे गुण त्यांच्या मेंदूच्या खात्यातून कापले जाणार.

आपल्या देशात यावर काम झालेले नाही, असे कोणी म्हणू नये. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी फोल्स्टीनच्या चाचणीचा हिंदी अवतार तयार झाला, त्याला तीसेक वर्षे झाली. इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे म्हणण्याऐवजी त्यात आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करण्याऐवजी परीक्षक करील ते पाहून करायचे. केरळात निरक्षरांसाठी चित्रांवरून स्मृती तपासण्याची पद्धत बसवली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत चाचण्यांचा संच तयार केला. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती, हे मराठी माणूस म्हणून खटकते. पण संच कसा करायचा याची वाट तर तयार आहे. प्रश्न एवढाच, की विमा कंपनी या वाटेने जाईल, की स्वस्तात मिळेल ते भाषांतर कॉल सेंटरच्या मुलीच्या हाती देईल? आज मेडिकलची बरीच कामे फोनवर आणि व्हिडिओवर होतात. ऐंशी टक्के ऐकू येणाऱ्या आजोबांना फोनवर दहा शब्द सांगितले आणि त्यांनी सहाच परत सांगितले, तर हरवले काय, स्मृती की आवाज?

आता थोडे गणित, कारण विमा शेवटी गणितावरच चालतो. समजा, सत्तरीचे हजार अर्जदार आले. त्यांतल्या पन्नास जणांना खरोखर डिमेन्शिया आहे. चाचणी चांगली आहे. शंभरातले ऐंशी रुग्ण ती पकडते आणि शंभर धडधाकट माणसांतल्या फक्त पंधरांना चुकून नापास करते. वाचायला हे बरे वाटते. पण पन्नासातले चाळीस सापडले, आणि साडेनऊशे धडधाकटांतले एकशे बेचाळीस नापास झाले. नापासांच्या एकशे ब्याऐंशीच्या यादीत दर चारांतले तीन जण ठणठणीत निघाले. रुग्णालयात याने बिघडत नाही, कारण तिथे पहिली चाळणी झाली की डॉक्टर पुढे तपासतात. विमा कंपनी पुढे तपासत नाही. तिच्या दृष्टीने चाळणीच निकाल असते. एकशे ब्याऐंशी प्रस्ताव नाकारले, चाळीस दावे वाचले, हिशेब जमला. सुक्याबरोबर ओले जळाल्याचे तिच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

बरे, नापास झालेल्यांत डिमेन्शिया नसलेले पण दुसरे काही असलेलेही असतात आणि त्यांची गोष्ट जास्त जिवाला लागणारी आहे. थायरॉइड मंदावलेली असते. पत्नी गेल्यापासून मन खचलेले असते. झोपेची गोळी रोजची झालेली असते. रक्तातले सोडियम उतरलेले असते. आणि आपल्याकडे विशेष म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे, की शाकाहारी मराठी घरांत ती किती सर्रास आहे; त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर अधिकच. यातले बरेचसे औषधाने सुधारते. पण सुधारायला आधी कळायला हवे. कंपनीने चाचणी घेतली, कमी गुण पाहिले, ‘सखेद कळवतो’ असे छापील पत्र पाठवले आणि कारण सांगितले नाही, तर त्या माणसाच्या हाती वेळेवर आलेली सूचना कंपनीच्या फायलीत पडून राहते.

एवढ्याने भागत नाही. प्रत्येक प्रस्तावपत्रात एक प्रश्न असतो: यापूर्वी आपला प्रस्ताव कोणत्याही कंपनीने नाकारला, लांबणीवर टाकला, किंवा जादा हप्ता लावून स्वीकारला आहे काय? एकदा ‘होय’ लिहावे लागले, की पुढची प्रत्येक कंपनी आधीच भुवई उंचावते. म्हणजे एका दुपारी, बाहेर ढोलताशा वाजत असताना, फोनवर दिलेली परीक्षा माणसाच्या नावाला कायमची चिकटते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण चेष्टेने वापरतो. ती संगणकात शेरा होऊन बसली की चेष्टा राहत नाही.

आता टेबलाच्या पलीकडे या. माझे खरे गाऱ्हाणे तिथे आहे.

पंचाहत्तरीचे गृहस्थ मुदत ठेव नव्याने ठेवायला जातात. काउंटरवरचा मुलगा नम्र असतो, ‘काका’ म्हणतो, खुर्ची देतो, पाणी विचारतो. तासाभराने काका बाहेर पडतात तेव्हा ठेवीच्या पावतीच्या जागी विम्याचा प्रस्ताव झालेला असतो, दहा वर्षे दरसाल लाख रुपये भरण्याचा. वयाची मर्यादा? ती आड येत नाही. कारण विमा काकांच्या आयुष्यावर नसतोच. तो मुलाच्या किंवा नातवाच्या आयुष्यावर असतो; काका नुसते प्रस्तावक, म्हणजे पैसे भरणारे. मेडिकल झालेच तर नातवाचे. पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत हप्ता भरण्याचा करार ज्याच्याकडून करून घेतला, त्याला दहा शब्द राहू देत, आजचा वार कोणी विचारत नाही. निवृत्तिवेतनाच्या पॉलिसीत तर आयुष्यभराची पुंजी एका धनादेशाने कंपनीकडे जाते, आणि तिथेही मेडिकल नसते, कारण माणूस लवकर गेला तर त्यात कंपनीचे नुकसान नसते.

मग खातरजमेचा फोन येतो. तो ध्वनिमुद्रित होतो आणि तक्रार झाली की कंपनी तोच पुरावा म्हणून पुढे करते. त्या फोनच्या आधी काकांना शिकवलेले असते: सगळ्याला हो म्हणा, नाहीतर काम अडकेल. हो म्हणायला आठवण लागत नाही. हे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या कोणालाही कळते की समोरच्याला काय चालले आहे ते उमगलेले नाही. पण ऐकणारे कान त्या विभागात नसतात; तिथे ‘हो’ मोजणारे असतात.

म्हणजे व्यवहार असा झाला: विस्मरणाने कंपनीचे नुकसान होणार असेल, तर ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. विस्मरणाने कंपनीचा फायदा होणार असेल, तर ते दिसतच नाही. महोदय, माझे या सगळ्यावरचे म्हणणे एवढेच आहे, की आठवण तपासायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी तपासा. एका बाजूने तपासायला परवानगी देऊ नका.

याचे सर्वांत क्रूर रूप हप्ता चुकतो तेव्हा दिसते. एका निवृत्त शिक्षकांची मुदत पॉलिसी होती. जन्मभर त्यांचा हप्ता तारखेच्या आधी भरलेला असे. मग एका वर्षी भरला गेला नाही. सवलतीचे दिवस गेले, पॉलिसी बंद पडली. पुढे ते वारले आणि पत्नी कागद घेऊन आल्या. कंपनीची सगळी पत्रे कपाटात सुतळीने बांधून नीट ठेवलेली सापडली होती, न फोडता. त्याच गठ्ठ्यात विजेचे बिल एकाच महिन्याचे दोनदा भरल्याच्या पावत्या होत्या. फाइलवर शेरा नियमाप्रमाणे पडला: मृत्यूच्या दिवशी पॉलिसी चालू नव्हती, दावा देय नाही. ज्या आजारासाठी पुढे ते उपचार घेत होते, त्याच आजाराने त्यांचा विमा आधी खाल्ला होता.

बंद पडलेली पॉलिसी पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येते, असे उत्तर मिळेल. येते, पण त्यासाठी आपली प्रकृती उत्तम असल्याचे घोषणापत्र द्यावे लागते. डिमेन्शियाच्या रोग्याने ते कसे द्यावे? खरे लिहिले तर पुनरुज्जीवन नाही, खोटे लिहिले तर दाव्याच्या वेळी फसवणूक. बचतीच्या पॉलिसीत काही हप्ते भरलेले असतील तर त्यांच्या प्रमाणात थोडी रक्कम तरी उरते. मुदत पॉलिसीत हातात धुपाटणेही राहत नाही.

अमेरिकेतून चाचणी आणायची असेल, तर तिच्याबरोबर तिथले हेही आणावे. फ्लोरिडात चौसष्ट वर्षे किंवा त्याहून मोठ्या विमाधारकाची पॉलिसी वर्षभर चाललेली असेल, तर त्याने नेमलेल्या दुसऱ्या व्यक्तीला किमान २१ दिवस आधी कळवल्याशिवाय कंपनी ती बंद करू शकत नाही. कॅलिफोर्नियात २०१३ पासून सवलतीचा काळ ६० दिवसांचा आहे आणि तिथेही दुसऱ्या माणसाला कळवावे लागते. दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यात तर, आकलन खालावल्यामुळे हप्ता चुकला हे सिद्ध केल्यास, पाच महिन्यांत पॉलिसी पूर्ववत करून मिळावी, असा नमुना-नियमच तिथल्या विमा आयुक्तांच्या संघटनेने केला आहे. आपल्याला यासाठी नवे यंत्र लागत नाही. वारसाचे नाव बहुतेक पॉलिसींवर असते. विमाधारक जिवंत असेपर्यंत कंपनी त्या नावाकडे ढुंकून पाहत नाही. पाहिले, तर एक एसएमएस पुरेल. साठीनंतर प्रत्येक विमाधारकाला एकदा विचारावे: हप्ता चुकला तर आणखी कोणाला कळवू? तो नको म्हणाला, तर त्याची मर्जी. विचारणे मात्र सक्तीचे असावे.

कायद्याचीही एक मेख आहे, ती आपल्याला ठाऊक आहेच; वाचकांसाठी सांगतो. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. पॉलिसीला तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला तिच्याविषयी कोणत्याही कारणाने शंका काढता येत नाही. ही मोठी सोय आहे. पण त्या तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला आणि कंपनीने माहिती दडवल्याचा, फसवणुकीचा आरोप केला, तर ती फसवणूक नव्हती, विमाधारकाने आपल्या समजुतीप्रमाणे खरेच सांगितले होते, हे सिद्ध करण्याचा भार वारसांवर पडतो, कारण विमाधारक आता नाही. पाच वर्षांपूर्वी तीन दिवस रुग्णालयात होतो हे त्याने फॉर्मात लिहिले नाही. दडवले, की विसरला? विसरलेल्या माणसाच्या मनात काय होते हे त्याच्या विधवेने कशाच्या आधारे सिद्ध करावे? आणि कंपनीने प्रस्तावाच्या वेळी स्मृतिचाचणी घेतलेली असेल, त्यात तो काठावर पास झालेला असेल, तर ती गुणपत्रिका त्या विधवेला मिळते का? मिळायला हवी. चाचणी घेणाऱ्या कंपनीने नंतर ‘त्याने लपवले’ असे म्हणू नये, म्हणायचे असेल तर आधी आपली गुणपत्रिका टेबलावर ठेवावी.

गंमत म्हणजे १८७२ चा आपला करार कायदा या बाबतीत आजच्या चाचण्यांहून शहाणा आहे. एरवी भान नसलेला पण मधूनमधून भानावर येणारा माणूस, भानावर असताना करार करू शकतो, असे तो सांगतो. करार समजून घेता येतो का आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे ठरवता येते का, ही त्याची कसोटी. तीत गुण नाहीत, घड्याळ नाही, घन नाही. आणि विक्रीच्या बाजूला मला हीच कसोटी हवी आहे. सत्तरीच्या प्रत्येक ग्राहकाची स्मृती तपासा, असे मी सुचवत नाही. तो अपमान होईल आणि आमच्या पिढीला तो सहन होणार नाही. खातरजमेच्या फोनवर ‘हो की नाही’चे प्रश्न बंद करा आणि एकच विचारा: काका, तुम्ही काय घेतलेत, किती वर्षे पैसे भरायचे आहेत आणि मधेच बंद केले तर काय होईल, ते तुमच्या शब्दांत सांगा. काका म्हणाले, ‘एफडी केली’, तर तो व्यवहार तिथेच रद्द व्हावा आणि पैसे परत जावेत. विक्रेत्याचे कमिशनही. पॉलिसी परत करण्याची मुदत आपण २०२४ मध्ये सर्वांना ३० दिवसांची केलीत, ते चांगले झाले. पण जो सही केल्याचेच विसरला, त्याला ३० दिवस काय आणि ३०० काय. मुलगी दिवाळीला घरी येते आणि तिला ड्रॉवरमध्ये पॉलिसी सापडते, तेव्हा घड्याळ सुरू व्हावे. प्रस्तावक सत्तरीचा असेल, तर मुदत किमान ९० दिवस करा.

प्रस्तावाच्या बाजूचे मागणे याहून साधे आहे. चाचणी अर्जदाराच्या भाषेत आणि त्याच्या शिक्षणाला साजेशी असावी. मराठी वृद्धांवर तपासून प्रमाणित केलेली नसेल, तर ती मराठी माणसावर वापरू नये. ती समोरासमोर व्हावी, फोनवर नव्हे. आधी चष्मा आणि श्रवणयंत्र आहे का ते पाहावे. नापास झाला तर प्रस्ताव नाकारण्याआधी डॉक्टरांकडे पाठवावे, सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा देऊ द्यावी आणि तोवर कोणत्याही फॉर्मात ‘नाकारला’ अशी नोंद होऊ नये. निकाल त्याला लेखी मिळावा. अल्झायमरच्या निदानाला मदत करणारी रक्तचाचणी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मंजूर केली आहे. उद्या रक्ताच्या त्याच नळीतून हीही तपासणी गुपचूप होऊ शकेल. अर्जदाराच्या वेगळ्या लेखी संमतीशिवाय तिला बंदी असावी, आणि तो नियम पहिली नळी भरण्याआधी व्हावा.

कंपन्या म्हणतील, खर्च वाढेल. वाढेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, देशातल्या साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचे दिसले; स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण अधिक. यांतल्या कित्येकांच्या नावावर आजही पॉलिसी चालू असतील, आणि हप्त्याची तारीख कोणाच्या लक्षात आहे हे कंपनीला माहीत नाही. वर्षानुवर्षे कोणी मागायला न आलेले विम्याचे पैसे दहा वर्षांनी सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. विसरलेल्या म्हाताऱ्यांचे पैसे म्हाताऱ्यांच्या कल्याणाला, असा हा हिशेब. त्या निधीत भर पडण्याआधी त्या माणसाच्या घरी एक फोन गेला असता, तर कल्याण अधिक झाले असते.

कोणत्याही नियमाचा मसुदा आधी जाहीर करून हरकती मागवायच्या, ही प्राधिकरणाची पद्धत चांगली आहे. वृद्धांच्या स्मृतिचाचणीचा मसुदा निघेल तेव्हा तो इंग्रजीबरोबर मराठीत आणि इतर भारतीय भाषांतही काढा, छापील प्रती विमा लोकपालांच्या मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत ठेवा आणि हरकती टपालाने स्वीकारा. ज्यांची परीक्षा होणार आहे त्यांना प्रश्नपत्रिकेवर बोलू द्या. आणि मसुद्यात विक्रीच्या बाजूचे प्रकरण नसेल, तर तो मसुदा काढू नका.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमा कर्मचारी,
सातारा